पहिली मूठ

दोधूआप्पा कापराची डबी घेऊन परत आले तेव्हा आत नावं सुरू झाली होती. एक चप्पल काढलेली, दुसरी पायातच, असे ते दारात थबकले. आतून भिकुबाईंचा खणखणीत आवाज आला, "हेमकांतनी," आणि पाठोपाठ पितळी परातीत गहू पडल्याचा आवाज, मग वरच्या चिमटीची बारीक टिपटिप. हेमकांत म्हणजे आप्पांचा पुतण्या, शहाद्याला मास्तर, वयानं मधल्या फळीतला. त्याचं नाव आलं, म्हणजे वरची नावं होऊन गेली होती. ज्या एका नावासाठी आप्पा सकाळपासून घरात घोटाळत होते, ज्याच्यापायी आंघोळसुद्धा दोन तांब्यांत उरकली होती, ते नाव एक तर घेऊन झालं होतं, नाहीतर घेतलंच गेलं नव्हतं. यातलं नेमकं काय, हे आता कोणाला विचारायचं, आणि कोणत्या तोंडानं?

तशी गोष्ट एवढीशी. श्रावणात घरात कानबाई देवी बसते, तिच्या रोटांसाठी आदल्या दिवशी घराण्यातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मापायचा. एक मूठ भरून, वर पाव मुठीची चिमटी. मोठ्यापासून सुरुवात करायची आणि पाळण्यातल्या पोरापर्यंत यायचं. त्या गव्हाचं पीठ, त्या पिठाचे रोट, ते खायचे फक्त भाऊबंदांनी. परक्याच्या तोंडी त्यातला दाणाही जाता कामा नये. जो जन्मला त्याची मूठ सुरू, जो गेला त्याची बंद. आप्पांना आपली मूठ पहिल्यांदा ऐकल्याचं आठवत होतं ते गावाकडच्या, कोरीटच्या घरात, चुलीशेजारी बसून. ते तेव्हा शेंडेफळ. सगळ्यांत शेवटी आजी म्हणायची, "आन हाई दोध्यानी," आणि ढिगाच्या टोकावर आपली मूठ पडलेली पाहून त्यांना वाटायचं की खालचा सगळा गहू आपल्यालाच उचलून धरण्यासाठी घातलाय. मग मागून पोरं जन्मली, आप्पा पुढे सरकले. मधली कितीतरी वर्षं त्यांचं नाव कधी आलं नि कधी गेलं, याची त्यांनी फिकीर केली नाही. पुरुषमाणसं ओट्यावर पत्ते कुटायची आणि बायका आत त्यांची नावं मापायच्या. मग पुढचे एकेक गळायला लागले. काका गेले, थोरले चुलतभाऊ गेले, आणि या चैत्रात धुडकूनानाही गेले. धुडकूनाना म्हणजे आप्पांचे मोठे भाऊ, भिकुबाईंचे यजमान. त्यांची मूठ पहिली असायची, पण भिकुबाईंनी आयुष्यात नवऱ्याचं नाव उच्चारलं नव्हतं. परातीसमोर बसून त्या म्हणायच्या, "पहिली त्यास्नी," म्हणजे त्यांची. दुसरी दोधूभाऊनी. यंदा मात्र त्यास्नी बंद झाली होती. यंदा पहिली मूठ आप्पांची होती. घराण्यातला सगळ्यांत मोठा पुरुष! हे त्यांनी बाहेर कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, पण गेले चार महिने, नानांच्या दहाव्यापासूनच खरं म्हणजे, ही गोष्ट मनाच्या कोपऱ्यात त्यांनी गुळाच्या खड्यासारखी जपून ठेवली होती. आणि नानांच्या दहाव्याला आपल्याला हे सुचावं, याची त्यांना लाजही वाटली होती.

आता मोठं असणं म्हणजे काय, ते आप्पांना दुसरं कुठे मिळत होतं? साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांनी उभी नोकरी काढली. उसानं लादलेले ट्रॅक्टर, बैलगाड्या, ट्रका रस्त्यापर्यंत रांग लावून उभ्या असायच्या आणि आप्पांनी खिडकीतून हात काढून बोट हलवल्याशिवाय पहिली गाडी पुढे सरत नसे. भलेभले बागाईतदार खिडकीशी येऊन "आप्पासाहेब, जरा देखा ना," म्हणायचे. निवृत्त होऊन नंदुरबारात मुलाच्या, नवनीतच्या घरी राहायला आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आता आपण बोट हलवलं तर फार तर चहा येतो, आणि तोही बिनसाखरेचा. त्यांची खुर्ची आधी बैठकीत टीव्हीसमोर होती. नवा टीव्ही आला, तो मोठा, तेव्हा खुर्ची खिडकीशी गेली. सोफा बदलला तेव्हा व्हरांड्यात गेली. हल्ली ती चपलांच्या स्टँडशेजारी होती आणि येणारा-जाणारा तिच्या पाठीला धरून बूट चढवायचा. कोणी मुद्दाम केलं नव्हतं. खुर्ची आपली हळूहळू घराबाहेर चालत गेली होती, आणि आप्पा तिच्याबरोबर.

त्यांच्या बायकोचं, मंगलाबाईंचं मात्र भलतंच झालं. बाई आयुष्यभर स्वयंपाकघरात होती, ती तिथेच राहिली, पण म्हातारी झाली तसतसा तिचा भाव वाढत गेला. कॉलनीतल्या पोरसवदा आया लेकरं काखेत मारून यायच्या, "माय, देखा ना, याना पोटमा दुखस का काय," आणि मंगलाबाई पोराच्या बेंबीवर दोन बोटं ठेवून असा काही चेहरा करायची की आप्पांनी ट्रकाच्या वजनालाही कधी केला नव्हता. पापडांना माय हवी, बाळंतिणीला माय हवी, हळद फोडायला माय हवी. तिचे गुडघे दुखायला लागले तेव्हा नवनीतनं ओट्याच्या उंचीचं खास स्टूल करून आणलं. आप्पांचे गुडघे दुखायला लागले तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यांना सांगितलं, रोज सकाळी चालत जा. म्हातारी बाई घरात असते. म्हातारा माणूस घरात अडमडतो. हे असं का, याचा विचार करत आप्पा कधी कधी उगीच नळ घट्ट बंद करत हिंडायचे, आणि मग सून म्हणायची, "आप्पा, वॉशर तुटतो हो अशानं."

सून, रूपाली, वाईट नव्हती. तिची एक खूण आप्पांना पाठ झाली होती: मनात राग नसला की ती घरच्या बोलीत बोलायची, आणि डोकं तापलं की एकदम शाळेच्या पुस्तकातली मराठी सुरू करायची. आज सकाळी आप्पा चौथ्यांदा माजघराच्या दारात उभे राहिले तेव्हा ती म्हणाली होती, "आप्पा, तुम्ही जरा कापूर घेऊन येता का दुकानातून?" शुद्ध, अनुस्वारासकट. आप्पा गेले. आणि आता परत येऊन बघतात तो देवघराच्या फळीवर कापराच्या दोन डब्या, एक तर फोडलेलीसुद्धा नाही. म्हणजे कापूर हे निमित्त होतं. पायात येणारं माणूस घराबाहेर काढायचं होतं, एवढंच. त्यांनी तिसरी डबी त्या दोघींच्या शेजारी ठेवली आणि तिचं झाकण उगाच दाबून घट्ट केलं.

"कुंदनना धाकल्यानी," आतून आवाज आला. भाऊबंदांतल्या कुंदनचं पोरगं सुरतेला जन्मून अजून मान धरत नव्हतं. त्याचीसुद्धा मूठ पडली. संपलं. परात सरकल्याचा आवाज झाला. आप्पा आत गेले. माजघरात तिघी होत्या. भिकुबाई मधे सतरंजीवर, मांडी घालून, शेजारी स्टुलावर मंगलाबाई, आणि रूपाली गहू डब्यात भरत होती.

"झायं का सगळं?" आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले.

"झायं," मंगलाबाई म्हणाल्या.

"सगळास्नी?"

"सगळास्नी."

"पहिलेपासून?"

मंगलाबाईंनी मान वर केली. "मंग काय मधमाथीन करतस का?"

आप्पा म्हणाले, "नही, सहज," आणि व्हरांड्यात येऊन खुर्चीवर बसले. 'मन्ही टाकी का?' एवढे तीन शब्द होते. पण ते तोंडातून निघेनात. ज्या माणसाची पहिली मूठ आहे त्यानं ती पडली का, हे विचारत फिरायचं म्हणजे नवरदेवानं वऱ्हाडात शिरून आपलं लग्न लागलं का, असं विचारण्यासारखं झालं असतं. आणि समजा विचारलं, आणि तिघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि भिकुबाई म्हणाल्या, अरे भाऊ, विसरी गऊ! मग? विसरलेली मूठ मागून टाकता येते का? आप्पांना माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी ओट्यावर पत्ते खेळण्यापलीकडे या गोष्टीत लक्ष घातलं नव्हतं. एवढं मात्र ठाऊक होतं की मूठ पडत नाही ती मेलेल्याची.

हे मनात आलं आणि त्यांना श्रावणातल्या त्या दमट दुपारी चक्क थंडी वाजली. मग पुरावे आपसूक जमायला लागले. परवा नवनीत फोनवर कोणाला तरी म्हणाला होता, "घरमा आम्ही तीन जन शेतस," आणि आप्पांनी बोटं मोजली तर नवनीत, रूपाली, मंगलाबाई, झाले तीन. काल आंघोळीला गेले तर बाहेरून गिझर बंद केलेला. शहाद्याच्या बसमधे कंडक्टरनं मंगलाबाईला "माय, आठे बसा, खिडकीजोडे," म्हणून पुढच्या सीटवर बसवलं आणि आप्पांना "बाबा, मांगे सरका" म्हणून असं हलवलं की मागचा मागचा करत ते स्पेअर टायरपाशी पोचले. आजवर ही सगळी सुटी सुटी गाऱ्हाणी होती. आता ती एका ओळीत उभी राहिली. रांगेतला पहिला माणूस गेला. रांग पुढे सरकली. आणि त्या घाईगर्दीत दुसराही गेलाच असं धरून बायका सरळ तिसऱ्यावर गेल्या असतील. भिकुबाईंचं वय झालं होतं. बाई चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधायच्या. त्यांच्या हातून एक दीर निसटला तर त्यात काय मोठं? आप्पांनी स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून नाडी बघितली. चालू होती, जरा जोरातच.

तेवढ्यात आतून रूपाली म्हणाली की नवनीत आला की गाडीवर दळण पाठवू, आणि आप्पा खुर्चीतून असे उठले की खुर्चीच मागे चपलांवर पडली. "मी लई जास!" रूपाली बघतच राहिली. गेल्या वर्षभरात दळणाला जायचं म्हटलं की आप्पांचे गुडघे दुखायचे. पण तिनं डबा दिला, आणि दिला तो बजावून, की हे रोटाचं आहे, मधे कुठे टेकवू नका. डबा छातीशी धरून आप्पा निघाले. आपल्याला हे आधी कसं सुचलं नाही! साऱ्या तालुक्याचा ऊस तोलला आणि एक मूठ गहू तोलता येत नाही? सगळ्या गव्हाचं वजन घ्यायचं, सव्वा मुठीचं वजन घ्यायचं, भाग द्यायचा, की आले पुरुष. एक कमी आला तर कोण कमी आहे, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

भीकमचंदशेठचं किराणा दुकान गिरणीच्या वाटेवरच होतं. शेठ आप्पांच्याच वयाचे, आजोबांच्या काळात राजस्थानातून आलेलं घराणं, पण खानदेशची बोली आप्पांपेक्षा ठसक्यात बोलणारे. त्यांचीही गादी अजून दुकानात होती, पण आता मशीनवर बिलं करायला सून बसायची आणि गिऱ्हाईक सरळ तिच्याकडे जायचं. शेठच्या वाट्याला पोरांना गोळी देणं आणि छत्री कोणाची राहिली ते लक्षात ठेवणं, एवढं उरलं होतं. वरच्या मजल्यावर त्यांच्या जडावबाईंच्या हाताखाली मात्र सुनांची पलटण चालायची. दोघे म्हातारे या विषयावर कधी बोलले नव्हते, पण आप्पा दुकानात आले की शेठ स्वतः उठून त्यांना स्टूल द्यायचे, आणि आप्पा बसल्यावर "कितला धंदा शे आज, शेठ!" असं सून ऐकेल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. तेवढा व्यवहार दोघांनाही पुरत होता.

"या आप्पा. कापूर सरना का लगेच?"

"नही. जरा वजन करनं शे," आप्पा म्हणाले आणि डबा काट्यावर ठेवला. मशीनवरचा शेवटचा आकडा लुकलुकत मागेपुढे होत होता. जुन्या सवयीनं आप्पांचा हात खिडकीबाहेर निघाल्यासारखा वर गेला. आता एक मूठ तोलायची, पण कोणाची? त्यांचा पंजा मोठा, भिकुबाईंची मूठ चिमणीएवढी. या विचारात ते असतानाच शेठनी डब्याचं झाकण उघडलं. यात शेठचा काही दोष नव्हता. तीन पिढ्या धान्याच्या व्यापारात गेल्यावर गहू दिसला की हात आपला आपण आत जातो. त्यांनी मूठभर गहू वर घेतला, तळव्यावर पसरला, फुंकर मारली, दाणे उचलून दाढेखाली टाकले आणि कडकन फोडले.

"कोरीटना शे ना? चांगला शे," शेठ चावत म्हणाले. "जराशी वल शे पन."

"शेठ!" आप्पा ओरडले. "रोटना गहू शे तो!"

शेठचं तोंड जागच्या जागी थांबलं. इतकी वर्षं या गावात काढलेला माणूस, रोटाचं त्यांना सगळं ठाऊक होतं. "अरे राम."

"थुकी टाका, थुकी टाका!"

"आते कोठे थुकू?" शेठ रडवेल्या आवाजात म्हणाले. "गियी लिधा. पन एकच दाना व्हता, आप्पा." मग जरा थांबून, कारण खोटं बोलणं त्यांच्या जिवावर यायचं, "दोन."

आप्पा डबा घेऊन रस्त्यावर आले. गिरणी समोरच होती. या दिवशी गिरणीवाला वाहरू जातं धुऊन फक्त रोटांचीच दळणं घ्यायचा. दारात बायका डबे घेऊन उभ्या होत्या. कोणाला कळणार होतं? दोन दाणे! पण आप्पांचं पाऊल पुढे पडेना. त्यांना सुरतेचं ते मान न धरलेलं पोर आठवलं, हेमकांतची साखर आठवली, नवनीतचं रोज रात्रीचं गाडी हाकणं आठवलं. कानबाई रागावली आणि यातल्या कोणाला काही झालं, तर आपण कोणत्या पायरीवर जाऊन बसणार? देवावर त्यांचा एरवी बेताचाच विश्वास होता. पण या गव्हात सगळ्यांची नावं होती, एकेकाची, आणि कदाचित त्यांचं एकट्याचं नव्हतं, आणि तरी तो डबा त्यांच्याच हातात होता. मगाशी जी नुसती स्वतःची काळजी होती, ती आता सगळ्या खानदानाची होऊन छातीवर बसली. ते मागे वळले.

माजघरात डबा खाली ठेवून त्यांनी सांगून टाकलं. "भीकमशेठनी दाना खादा."

मंगलाबाईंनी कपाळाला हात लावला. मग भिकुबाईंनी अगदी शांतपणे विचारलं, "कितला?"

"दोन म्हनस."

"मंग त्यास्नी बी मूठ टाकनी पडी का काय आते?"

रूपालीला हसू आवरेना. तिनं पदर तोंडात कोंबला. पण लगेच तिची पुस्तकातली मराठी जागी झाली. "आप्पा, पण तुम्ही दुकानात गेलातच कशाला?"

"वजन कराले."

"कशाचं वजन?"

आप्पा डब्याचं झाकण दाबायला लागले. मंगलाबाई स्टुलावरून त्यांच्याकडे बघत राहिल्या. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या बाईला नवऱ्याच्या मानेवरूनही कळतं. "तव्हाच म्हनू," त्या म्हणाल्या, "सकायथीन हाऊ मानूस दारमा घिरट्या काब्र घाली ऱ्हायना. आपली मूठ पडनी का नही, हाई देखनं व्हतं यासले!"

आप्पांना वाटलं, भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण कोणी हसलं नाही. बाटलेला गहू रूपालीनं पाखरांसाठी गच्चीवर नेऊन टाकला. परात पुन्हा धुतली, पुसली. नवा गहू आला. आप्पा उठायला लागले तर भिकुबाई म्हणाल्या, "बस आठेच. आयकनं शे ना तुले? आयक." आणि आयुष्यात लहानपणानंतर पहिल्यांदा दोधूआप्पा मुठी पडताना परातीशेजारी बसले. जवळून बघताना त्यांना त्या हाताचं नवल वाटलं. सुरकुतलेला, बांगडी नसलेला, पण मूठ कशी बंद! एक दाणा बोटांतून निसटत नव्हता.

"पहिली त्यास्नी," भिकुबाई म्हणाल्या. गहू पडला. वर चिमटी पडली. "दुसरी दोधूभाऊनी." गहू पडला, चिमटी पडली. "तिसरी..."

"वहिनी," आप्पा म्हणाले. आपली मूठ पडली, आपण आहोत, हा एवढा मोठा दिलासा आला आणि बसायलाही जागा न मिळता परत गेला. म्हणजे दुसराच! गेलेल्या माणसाच्याही मागे! "वहिनी, नाना तर..." बिचारीच्या लक्षात राहत नाही, असं त्यांना वाटलं. रूपालीही खाली बघायला लागली.

"मले काय ठाऊक नही का, त्या गयात ते?" भिकुबाई म्हणाल्या. मूठ तशीच परातीवर धरलेली. "मीच पानी पाजं त्यासले आखरी. पन तू आयक, भाऊ. आपला घरमा पहिली मूठ ज्यानी, त्याले न्यावाले यमले येळ लागत नही. मामंजी पहिले व्हतात, गयात. थोरला जेठ पहिले व्हतात, गयात. मंग ह्या पहिले झायात, तर चार कानबाई बी देखन्यात नही. आते तुले पहिला करू? आन मंगलाले मन्हासारखी बसाडू?" त्यांनी मंगलाबाईंच्या कुंकवाकडे बघितलं. "त्यासलेच ऱ्हाऊ दे पहिले. एक डाव जाई बसनात, आते आखो कोठे जातीन?"

आप्पा परातीकडे बघत बसले. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते पुसायला खिशात रुमाल नव्हता, कापराची पावती होती. जन्मभर वजनकाट्यावर बसून रांगेतल्या पहिल्या गाडीचं काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणी बघितलं होतं? ती काट्यावर चढते, आणि तिची पाळी संपते. आणि ते चार महिने त्याच जागेसाठी तळमळत होते! ही म्हातारी मात्र आपल्या मेलेल्या नवऱ्याला दारात आडवा उभा करून मागच्या सगळ्यांना राखत बसली होती. हा मान त्यांना कळला तेव्हा इतका जड वाटला, की तो कुठे तरी थोडा उतरवावा, कोणाला तरी द्यावा, असं त्यांना झालं. त्यांनी मंगलाबाईंकडे बघितलं. एका दुपारी आपली मूठ पडली नसेल या शंकेनं आपला जीव अर्धा झाला, आणि हिची तर कधी पडलीच नाही. हिनं मापलं, दळलं, रोट थापले, भाजले, सगळ्यांना वाढले. माहेरच्या परातीतही नाही, सासरच्याही नाही.

"वहिनी," ते एकदम म्हणाले, "मंगलानी बी एक मूठ टाका. मन्हा मांगे."

"नको वं माय!" मंगलाबाई स्टुलावरून जवळजवळ खालीच आल्या. "मन्हं नाव कशाले काढतस? सुखमा शे मी!"

भिकुबाई खदखदून हसल्या. त्यांचे चार दात दिसले. "अरे येडा, तेच तर शे. आमनं नाव कोनी लेतच नही, म्हनीसन यमले आमना पत्ता सापडत नही. गल्लीमा देख जरा, डोकऱ्या कितल्या शेतस आन डोकरा कितला!"

आता रूपालीही मोकळी हसली. "हाई मन्हा ध्यानमा कसं उनं नही वं माय," ती म्हणाली, आणि ती घरच्या बोलीत बोलली हे आप्पांना त्याही स्थितीत ऐकू आलं. मग त्यांच्या मनात एक फार हलकट विचार आला. आपली मूठ थोडी मागे टाकली तर? हेमकांतच्या मागे? हेमकांतला साखर, त्याच्या दोन पोरी अजून शिकतायत. नाही. कुंदनच्या मागे? कुंदनचं लेकरू मान धरत नाही. नवनीतच्या... तिथे ते थांबले. एकेक नाव त्यांनी उचललं आणि एकेक होतं तिथे परत ठेवलं. रांगेत असा एकही नव्हता ज्याला पुढे ढकलून त्याच्यामागे लपावं. दुसरी जागा त्यांचीच होती. ती दुसऱ्या कोणाला देण्यासारखी नव्हती.

"काय म्हनस, भाऊ?" भिकुबाईंनी विचारलं.

"काही नही," आप्पा म्हणाले. "जठे शे तठेच ऱ्हाऊ द्या."

गहू भरला तेव्हा रूपाली म्हणाली की आता नवनीतलाच पाठवू, पण आप्पांनी डबा सोडला नाही. या खेपेला ते रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं गेले. दुकानातून शेठनी दोन्ही हात जोडून लांबूनच माफी मागितली. आप्पांनी डबा त्या बाजूनं या बाजूला केला आणि मान हलवून ती दिली. गिरणीच्या दारात बायकांची गर्दी होती. पीठ उडून पांढरा झालेला वाहरू त्यांना बघून पुढे आला. "या आप्पा, या. वडील मानूस शेतस तुम्ही. सरका वं बाया हो! आप्पाना पहिला नंबर."

बायकांनी भराभरा डबे बाजूला घेतले. वाट मोकळी झाली. सकाळी असं कोणी म्हणालं असतं तर आप्पांची छाती फुगली असती.

"नको रे भो," ते घाईनं म्हणाले आणि एक पाऊल मागे सरले. "मन्हा दुसरा लाव."

"दुसरा? मंग पहिला कोन शे?" वाहरूनं त्यांच्या मागे, रस्त्याकडे बघितलं. तिथे कोणी नव्हतं.

"शे मन्हा मोठा भाऊ," आप्पा म्हणाले. "पन त्यासले आते घाई नही." आणि एका म्हातारीच्या डब्यामागे आपला डबा ठेवून ते भिंतीला टेकून आरामात उभे राहिले.